मुखपृष्ठाची नजर

समीक्षकाने संहिता वाचावी आणि वेष्टनाची चिंता प्रकाशकाने करावी, अशी एक वाटणी आपण निमूटपणे स्वीकारलेली आहे. जेरार झनेत यांनी १९८७ मध्ये शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ आदींना संहितेचे उंबरठे म्हटले, तेव्हा ही वाटणी तत्त्वतः मोडली. परंतु त्या उंबरठ्यावर उभे राहून मुखपृष्ठ कोणाची बाजू घेते, हा नैतिक प्रश्न शिल्लकच राहतो. व्लादिमीर नाबोकोव्ह यांच्या ‘लोलिता’च्या संदर्भात तो टाळता येत नाही.

१९५५ साली पॅरिसमध्ये ही कादंबरी दोन भागांत, साध्या हिरव्या वेष्टनात प्रसिद्ध झाली. १९५८ च्या अमेरिकन आवृत्तीच्या वेळी मुखपृष्ठावर मुलगी नको, असे नाबोकोव्ह यांनी प्रकाशकाला बजावले होते. पुढे १९६२ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांचा चित्रपट आला. त्याच्या पोस्टरवर बर्ट स्टर्न यांनी टिपलेली स्यू लायन होती: डोळ्यांवर हृदयाच्या आकाराचा लाल चष्मा, ओठांशी लॉलिपॉप. हा चष्मा कादंबरीत नाही; त्या कृष्णधवल चित्रपटातही तो ती कधी घालत नाही. तरीही पुढील मुखपृष्ठांच्या परंपरेवर सत्ता चालली ती या पोस्टरचीच.

हे केवळ व्यापारी उथळपणाचे उदाहरण म्हणून सोडून देता येणार नाही. कादंबरी हंबर्टच्या तोंडून येते, आणि भाषेतील निवेदकावर अविश्वास ठेवता येतो. त्याचे लालित्य, ज्यूरीला केलेली आर्जवे, आणि तो झोपेचे सोंग घेताच रोज रात्री ऐकू येणारे तिचे हुंदके, ज्यांचा उल्लेख तो ओझरताच करतो. या फटींतून वाचक बारा वर्षांच्या डोलोरेस हेझपर्यंत पोहोचतो. चित्रात असा निवेदक सहसा उरत नाही. हंबर्टला दिसलेली मोहिनी मुखपृष्ठावर आली, की ती त्याची कल्पना न राहता वस्तुस्थिती ठरते. आरोपीचा जबाब पुरावा म्हणून दाखल करावा, तसा हा प्रकार आहे.

मग मुलगी वगळली की प्रश्न मिटतो काय? १९१५ मध्ये काफ्का यांनीही ‘रूपांतर’च्या मुखपृष्ठावर कीटक काढू नये, असे प्रकाशकाला कळवले होते. तेथे नकाराने एक संदिग्धता राखली जाते. डोलोरेस संदिग्ध नाही. ती अन्यायग्रस्त मूल आहे. प्रास्ताविकातच तिच्या बाळंतपणातील मृत्यूची नोंद आहे, पण ‘मिसेस रिचर्ड शिलर’ या नावाने. पहिल्या वाचनात ती आपल्या नजरेतून निसटते. हंबर्टने नाव बदलून तिला पुसले. कोरे मुखपृष्ठ सभ्यपणे तेच करीत नाही ना, ही शंका मला नाबोकोव्ह यांच्या आज्ञेबद्दलही वाटते.

जॉन बर्ट्राम आणि युरी लेव्हिंग यांच्या २०१३ च्या ग्रंथात या कादंबरीसाठी अनेक कलावंतांनी नव्याने केलेली मुखपृष्ठे आहेत. त्यांपैकी जेमी कीनन यांचे मुखपृष्ठ मला महत्त्वाचे वाटते. गुलाबी भिंती आणि छत जेथे मिळतात, तो खोलीचा एक कोपरा, एवढेच चित्र. प्रथमदर्शनी मात्र पाहणाऱ्याला तेथे मुलीचे शरीर दिसते, आणि ते आपण आणले हे ध्यानात येताच तो ओशाळतो. निवेदकाची नजर येथे वाचकाच्या डोळ्यांतच पकडली जाते. अर्थात, हे उमगण्यास कादंबरी आधी ठाऊक असावी लागते. दुकानात पुस्तक प्रथमच हाती घेणाऱ्याला ते केवळ चातुर्य वाटेल. आणि डोलोरेस त्या खोलीतही नाही.