सारखे दिसणे आणि सारखे असणे

२००३ सालची गोष्ट. आमच्या कार्यालयातील एका नामांकित कंपनीचा संगणक अचानक बंद पडला. यंत्रास वीज पुरविणारी पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, निकामी झाली होती. कंपनीचा सुटा भाग महाग होता. म्हणून ओळखीच्या एका तरुण कारागिराने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सर्वसाधारण बनावटीचा पॉवर सप्लाय आणला. वीस पिनांचा जोड मदरबोर्डवर अचूक बसला. बटण दाबले, आणि मदरबोर्ड जळाला. आम्ही त्या तरुणास नाही नाही ते बोललो. त्याने मुकाट्याने ऐकून घेतले आणि मजुरी न घेताच तो गेला.

खरे कारण पुढे कळले. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे प्रमाण जाहीर केले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या भोकांच्या जागा, वीजजोडातील ३.३, ५ व १२ व्होल्टच्या तारांचा क्रम, हे सारे त्यात ठरवून दिलेले आहे. म्हणूनच एकाचा मदरबोर्ड आणि दुसऱ्याचा पॉवर सप्लाय एकाच पेटीत सुखाने नांदू शकतात. आमच्या संगणकाच्या निर्मात्याने जोडाचा आकार तोच ठेवला होता. तारांचा क्रम मात्र बदलला होता. बाहेरून तशी कोणतीही खूण नव्हती.

मग दोष कोणाचा? निर्मात्यास स्वतंत्र रचना करण्याचा अधिकार नाही काय? अवश्य आहे. आजही अनेक नामांकित कंपन्यांच्या संगणकांत सहा, आठ वा दहा पिनांचे निराळे वीजजोड असतात. बाजारातील चोवीस पिनांचा जोड तेथे शिरतच नाही. ग्राहकास हे गैरसोयीचे आहे, परंतु ते प्रामाणिक आहे. 'मी निराळा आहे' असे तो जोड आकारानेच सांगतो. याउलट, सर्वांचे रूप धारण करून अंतरंग वेगळे ठेवणे ही निव्वळ रचनेची बाब राहत नाही. प्रमाण म्हणजे अनोळखी माणसांनी परस्परांस दिलेले वचन होय. असत्य केवळ शब्दांनीच बोलले जाते असे नाही. वस्तूच्या आकारानेही ते बोलता येते. फसविण्याचा हेतू नसेलही. परंतु निर्मात्याच्या मौनाची किंमत एका गरीब कारागिरास मोजावी लागली.

तो सर्वस्वी निर्दोष होता असेही नव्हे. जुन्या व नव्या जोडांतील तारांचे रंग त्याने शेजारी धरून पाहिले असते, तर फरक ध्यानी आला असता. तथापि, विश्वास ठेवण्यातील चूक आणि विश्वासास अपात्र ठरणे यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती ग्राहकांस खुली करावी, हा त्यामागील उद्देश. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याची वाटच बंद असेल, तर आपली मालकी अपुरीच म्हणावयाची.

आणि आमचा दोष? तो सर्वांत सोपा होता. मोठ्या नावावर आम्ही संशय घेतला नाही; समोर उभ्या असलेल्या लहान माणसावर तत्काळ घेतला. सत्य कळल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि राहिलेली मजुरी त्याच्या हाती ठेवली. मदरबोर्ड नवा मिळाला. त्या दिवशीचे आमचे शब्द मात्र परत घेता आले नाहीत.