नकाराचा कागद

सोलापुरात विडी वळून घर चालवणारी एक मावशी होती. गिरणी बंद पडल्यापासून नवरा घरीच. एकदा ती जिन्यावरून पडली, उजवं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण बोटांत जोर आला नाही. पान धरलं की सुटायचं. विडीची मजुरी हजारावर मोजतात. बोटंच गेली तर मोजणार काय? दिव्यांगाचा दाखला काढला, त्यावर 30 टक्के. संजय गांधी निराधार योजनेला 40 लागतात. अर्ज फेटाळला गेला.

मग मावशी जो भेटेल त्याला हात दाखवत सुटली. नगरसेवकाला, कारकुनाला, शिपायालासुद्धा. सगळे हळहळले. हळहळायला कुणाचं काय जातं! एक एजंट तेवढा कामाचं बोलला, "पाच हजार द्या, टक्के वाढवून आणतो." मावशी कानातली फुलं मोडायला निघाली, तेव्हा शेजारणीनं तिला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे नेलं.

तिथली वकील लेकीच्या वयाची. मावशी पदर सारून हात पुढे करणार, तोच ती म्हणाली, "हात नंतर बघू. नाही म्हणाले तो कागद कुठंय?"

"तुमची फी?"

"काही नाही. 1987 च्या कायद्यानं बाईमाणसाला वकील मोफत मिळतो, कमाई कितीही असो. टक्के किती, हा प्रश्नच तिथं येत नाही."

दाखल्यात कोपर किती वाकतं एवढंच मोजलेलं होतं. नसांच्या तपासणीचा अहवाल मावशीच्या घरी पेटीत. कुणी मागितला नाही, तिनं दिला नाही. दाखल्याविरुद्ध अपिलाची मुदत 90 दिवसांची, त्यातले थोडेच उरले होते.

अपील दोन पानांत झालं. वाचून दाखवल्यावर मावशी हिरमुसली. "यात गिरणीचं नाही, पोरांचं नाही. माझं दुःख कुठंय?"

"दुःख खरंय, मावशी. पण त्याचे टक्के धरत नाहीत. नसांचे धरतात."

फेरतपासणी झाली, 45 टक्के मिळाले. निराधारचा अर्ज पुन्हा भरला, मंजूर झाला. पहिले पैसे खात्यावर पडले त्याच आठवड्यात एजंट दारात हजर. "मीच वर शब्द टाकला होता. निम्मे तरी द्या."

मावशीनं डाव्या हातानं कोरा कागद पुढे सारला. "तसं लिहून द्या की. कुणाकडं टाकला, कधी टाकला. आणि खाली सही."

एजंट चहालाही थांबला नाही.