दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

गेल्या कार्तिकात काटोलनजीकच्या आमच्या वडिलोपार्जित शेतावर एक अगदी साधा प्रश्न उपस्थित झाला आणि तो सुटावयास दोन महिने लागले. प्रश्न ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा होता. शेती माझा धाकटा चुलतभाऊ पाहतो. मी नागपुरास नोकरीत जन्म काढून आता निवृत्त झालो आहे, आणि शेतीतील माझा वाटा वर्षातून दोनदा जाऊन उपदेश करण्यापुरता उरला आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून ९०,००० रुपयांस दोन चाकांची एक जुनी ट्रॉली घेतली. तिचा रंग मात्र नवा कोरा होता. आंबिया बहाराची संत्री भरून ती नाल्याच्या उतारावरून निघाली असता एका बाजूस खचली. चाक खड्ड्यात गेले, पुढची जोडदांडी पिळवटली आणि वरचे क्रेट गडगडत खाली आले. क्रेटांवर चार मजूर बसले होते. मालवाहू ट्रॉलीवर माणसे बसविण्यास कायद्याने मनाई आहे, हे आम्हा दोघांसही ठाऊक होते. ते चौघे वेळीच उड्या टाकून वाचले. संत्रीही बहुतेक वेचून घेता आली, आणि खरे सांगावयाचे तर त्या सायंकाळी आमच्या बोलण्यात संत्र्यांचाच उल्लेख अधिक झाला.

ट्रॉली ओढत एका कारखान्यात नेली. कणा वाकला होता, बेअरिंगे गेली होती, तळाचा पत्रा गंजून चाळणीसारखा झाला होता. हे सर्व बदलता येण्याजोगे होते. परंतु मिस्त्रीने डाव्या बाजूच्या लांब चॅनलवरचा रंग खरवडला तेव्हा आत एक जुने वेल्डिंग निघाले आणि त्या सांध्याला लागूनच केसासारखी एक बारीक चीर दिसली. म्हणजे ही ट्रॉली पूर्वी कोणाच्या तरी हातून एकदा मोडली होती. त्याने ती सांधली, वर रंग दिला आणि आम्हांस विकली. मिस्त्री प्रामाणिक होता. तो म्हणाला, "भाऊ, वेल्डिंग मारून देतो. ३८,००० मध्ये गाडी उभी करतो. पण ग्यारंटी मागू नका."

भावाने जागच्या जागी हिशेब मांडला. नवी ट्रॉली घ्यावी तर दोन लाखांच्या घरात जाणार. भंगारात घातली तर वजनावर जेमतेम तेहतीस-चौतीस हजार येणार. आणि ३८,००० घातले की काम चालू. या हिशेबात चूक नव्हती. शिवाय खंडेनवमीस जिला आपण हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली, तिला थोड्याच दिवसांत भंगारवाल्याच्या दारी नेऊन सोडणे मनास कसेसेच वाटते. आपण ज्या घरांत वाढलो त्या घरांत टाकून देणे हाच एक दोष मानला जाई. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे होई, आणि पोतेऱ्याचेही काही होत असेल तर ते आजीसच ठाऊक. त्याच घरांतील आम्ही लोक आता नादुरुस्त रेडिओ आणि बंद पडलेली घड्याळे माळ्यावर टाकून ठेवितो, दुरुस्तही करीत नाही आणि मोडीतही काढीत नाही. पण तो विषय निराळा.

दुरुस्तीविषयीची ही जी आपली श्रद्धा आहे ती कोठून आली, याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. माझ्या लहानपणी आमच्याकडे बंडी होती. तिचे चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले पुठ्ठे आणि त्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव. वैशाखात लाकूड आटले की धाव ढिली पडे, आरे हलू लागत आणि बंडी रस्ताभर कुरकुर करी. मग सुतार एखादा आरा बदली, लोहार धाव काढून पुन्हा बसवी, आणि बंडी मृगाच्या आत तयार होई. त्याही आधी, आजोबांच्या काळी, या कामाचे पैसे दर खेपेस मोजावे लागत नसत; सुगीच्या दिवसांत खळ्यावरून ठरलेले धान्य बलुते म्हणून कारागिराच्या घरी जाई. बंडी वर्षातून एकदा मोडो की दहादा मोडो, त्याच्या पदरी पडणारे धान्य तेवढेच. त्यामुळे बंडी टिकण्यात मालकाचे जितके हित, तितकेच सुताराचेही असे. ती व्यवस्था सोन्याची होती असे मी मुळीच म्हणत नाही. माणसास जन्मावरून धंद्याच्या दाव्याने बांधून ठेवणारी ती व्यवस्था गेली हे फार चांगले झाले. आणि खळ्यावर माप हाती घेऊन उभा राहणारा नेहमी मालकच असे, हेही विसरता कामा नये. तथापि 'दुरुस्त करावी की मोडीत काढावी' हा प्रश्न त्या व्यवस्थेत पैशाचा प्रश्न म्हणून उभाच राहत नसे, एवढे खरे. दुरुस्तीची मजुरी आधीच देऊन झालेली असे.

आणखी एक गोष्ट. लाकूड मोडण्यापूर्वी बोलते. आरा एकाएकी तुटत नाही. तो आधी हलतो, वाजतो, फट दाखवितो. लोखंडाचे तसे नाही. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा कणा तुटला आणि त्या अपघातात पन्नासांहून अधिक माणसे दगावली. पुढे ऑगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या कण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, एका वेळी जो भार लोखंड सहज पेलते, तोच भार लाखो वेळा पडत आणि उतरत राहिला तर ते अखेरीस तुटते. आज यास धातूचा थकवा म्हणतात. हा थकवा वरून दिसत नाही. चीर आतल्या आत वाढत जाते आणि शेवटच्या दिवसापर्यंत गाडी नेहमीसारखीच चालते. वेल्डिंगने चीर बुजते हे खरे, परंतु त्या उष्णतेने सांध्यालगतच्या लोखंडाचा गुण पालटतो, आणि पुढची चीर पुष्कळदा तेथूनच निघते. आमच्या चॅनलवर नेमके तेच झाले होते. जाणता कारागीर चिरेच्या टोकाशी भोक पाडतो, चीर कोरून काढतो, मग सांधतो, वर आधाराची पट्टी बसवितो. इतके करूनही तो ग्यारंटी देत नाही, याचे कारण त्याच्या हातापेक्षा त्याच्या डोळ्यांची मर्यादा होय. लाकडाच्या काळात अंगी बाणलेली दुरुस्तीची नीती आपण लोखंडास लावू लागलो, परंतु लोखंडाने लाकडासारखे कुरकुरावयाचे काही कबूल केलेले नाही.

याच सुमारास माझ्या वाचनात पुन्हा मिलिंदप्रश्न आला. नागपूरच्या मनुष्यास नागसेन हे नाव परके नाही. १९५६ साली ज्या महापुरुषाने येथे लक्षावधी लोकांस धम्मदीक्षा दिली, त्याच्याच औरंगाबादेतील महाविद्यालयास मिलिंदाचे आणि त्या परिसरास नागसेनाचे नाव आहे. राजा मिलिंद म्हणजे यवन राजा मिनँडर. तो भेटीस रथातून आला असे म्हणतो, तेव्हा नागसेन त्यास विचारतो, दांडी म्हणजे रथ काय? कणा म्हणजे रथ काय? चाके, साटा, जू, यांपैकी रथ कोणता? यांपैकी एकही रथ नव्हे; आणि या सर्वांवेगळाही रथ कोठे सापडत नाही. रथ हे या अवयवांच्या जुळणीस दिलेले नाव. मला या संवादाचा एक व्यावहारिक उपयोग झाला. 'आपली ट्रॉली' म्हणून जिच्याविषयी मन हळवे होत होते, तिचे अवयव मी निरनिराळे पाहू शकलो. टायर चांगले होते, एक चाक धड होते, ट्रॉली उलटण्याचा जॅकही चालत होता. मरण आले होते ते सांगाड्यास. आपल्या धर्माचारातही हा विवेक आहे. जीर्ण देवळाचा उद्धार करणे पुण्यकर्म मानतात, पण भंगलेली मूर्ती पूजेत न ठेवता विसर्जन करतात. झिजणे आणि भंगणे या दोन अवस्था आपल्या पूर्वजांनी एक मानल्या नाहीत.

हे सर्व मी भावास सांगितले, अर्थात इतके विस्ताराने नव्हे. तो म्हणाला, "मग विकून टाकू." आणि येथे खरा प्रश्न सुरू झाला. भंगारवाल्याने शेतावर येऊन ट्रॉली पाहिली आणि सांगितले की, कापून द्याल तर वजनाप्रमाणे भाव, उभी द्याल तर ४५,०००. उभी ट्रॉली तो का घेतो हे निराळे सांगावयास नको. ती पुन्हा सांधली जाणार, तिला पुन्हा रंग लागणार, आणि दुसऱ्या एखाद्या नाल्याच्या उतारावर ती पुन्हा भरून निघणार. म्हणजे 'विकणे' हे आमच्या प्रश्नाचे तिसरे उत्तर नव्हतेच. तोच प्रश्न रंग देऊन दुसऱ्याच्या अंगणात ढकलणे होते. आमच्या अंगणात तो तसाच येऊन पडला होता.

भावाने याचा प्रतिवाद केला, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. "चीर दाखवून विकू. घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल. ज्याची ऐपत पन्नास हजारांची, त्याला तुम्ही दोन लाखांची गाडी घ्या म्हणता का?" दोन एकरांच्या शेतकऱ्यास सदोष ट्रॉली किंवा काहीच नाही, एवढीच निवड पुष्कळदा असते, नागपुरात पंख्याखाली बसून त्याला 'काहीच नाही' बहाल करणारा मी कोण? यावर माझ्यापाशी एकच उत्तर होते. चीर आपण घेणाऱ्यास दाखवू, परंतु क्रेटांवर जे बसतात त्यांस ती कोण दाखविणार? धोका पत्करण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, हे मान्य. पण ट्रॉलीच्या व्यवहारात किंमत एकाची, संमती दुसऱ्याची आणि हातपाय तिसऱ्याचे असतात. त्या दिवशी उड्या टाकून वाचलेल्या चौघांना आम्ही तरी कोठे काही विचारले होते?

भाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, पुण्य तुमचं अन् पैसा माझा, असं कसं जमन?"

ते वाक्य मला लागले, कारण ते खरे होते. उभी आणि कापलेली यांच्या भावातील फरक साधारण बारा हजारांचा. माझ्या निवृत्तिवेतनास तो जड नव्हता, त्याच्या हंगामास होता. तो फरक मी एकट्याने सोसतो असे मी म्हटले. परंतु ते बोलताच मला जाणवले की, मी त्याच्या हातून निर्णयही काढून घेत आहे. त्यालाही ते जाणवले असावे. "अर्धी ट्रॉली माझी आहे," तो म्हणाला, "तर नुकसानही अर्धं माझंच." यापलीकडे त्या विषयावर आमचे बोलणे झाले नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गॅस-कटर लावून चॅनलचे दोन्ही बाजूंनी तीन तीन तुकडे केले. चीर असलेला तुकडा भंगारवाल्याने पायाने उलटा करून पाहिला आणि काही न बोलता गाडीत टाकला. टायर, धड चाक आणि जॅक आम्ही ठेवून घेतले. गावाबाहेरच्या धर्मकाट्यावर उरलेले वजन ११ क्विंटलांवर भरले आणि ३३,००० रुपये हाती आले.

फाल्गुनात मृग बहाराची संत्री भाड्याच्या ट्रॉलीतून गेली. भावाने क्रेटांवर कोणास बसू दिले नाही. तोडणीस आलेल्या बाया शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत उन्हातून चालत आल्या, आणि त्यांतील एकीने मला विचारले, "आपली ट्राली व्हती तवा बसू देत व्हते, मंग आता काऊन नाही?" मी उत्तर जुळवीत होतो, तोच भाऊ पुढून म्हणाला, "गाडी भाड्याची हाये, बाई."