कालच्या सत्याचे प्रामाण्य

संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर काहींना तासाभरात नवे पान दिसते, तर काहींना दुसऱ्या दिवसापर्यंत जुनेच दिसत राहते. व्यवहारात या विलंबाला 'प्रॉपगेशन', म्हणजे प्रसार, म्हणतात. परंतु हा शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण येथे काहीही पसरत नाही. नावावरून सर्व्हरचा अंकी पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था, जिची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, विचारल्यावरच उत्तर देते. आपल्या वतीने पत्ता विचारून आणणारा सर्व्हर, म्हणजे रिझॉल्व्हर, ते उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतो, आणि ही मुदत, जिला टीटीएल म्हणतात, नावाचा धनीच सेकंदांत लिहून देतो; ८६,४०० लिहिले तर पूर्ण एक दिवस. जुने विसरले जाण्यास जो वेळ लागतो, तोच हा विलंब.

नाव आणि त्यामागची जागा यांच्या नात्यातील ही चंचलता यवतमाळला नवी नाही. १८६४ मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा म्हणून निर्माण झालेला हा जिल्हा पुढे वणीच्या नावाने ओळखला गेला आणि १९०५ मध्ये यवतमाळ झाला. तेथे भूमी बहुतांशी तीच राहून नाव बदलले. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, बाबतीत नाव तेच राहते आणि त्याखालची भूमी बदलते. अशा वेळी यवतमाळमधील एकाच खोलीत, एकाच टेबलावर, ब्रॉडबँडला जोडलेला संगणक गेल्या महिन्याची सूचना दाखवतो आणि शेजारी मोबाइल डेटावर चालणारा फोन आजची, कारण दोघांचे रिझॉल्व्हर वेगळे असून त्यांनी उत्तर वेगवेगळ्या वेळी मिळवलेले असते. यांपैकी संगणकाचे ज्ञान खोटे म्हणावे काय?

हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या, अगदी गाभ्यातला आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग केले असून प्रमेचे, म्हणजे यथार्थ अनुभवाचे, स्थान स्मृतीला दिलेले नाही. नवव्या शतकातील काश्मीरचा नैयायिक जयंतभट्ट याचे जे कारण देतो ते येथे चपखल बसते: स्मृती आधी कळलेलेच पुन्हा सांगते हा तिचा दोष नव्हे, तर ती ज्या वस्तूविषयी आहे त्या वस्तूपासून त्या क्षणी उपजत नाही, आणि म्हणून वस्तू नाहीशी झाल्यावरही ती उद्भवू शकते. जैन तार्किकांनी मात्र स्मृतीला परोक्ष, म्हणजे अप्रत्यक्ष, प्रमाणांत गणले. डीएनएसची रचना या वादात दोन्ही बाजूंचे काही घेते: नावाच्या धन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकृत सर्व्हरकडून आलेल्या उत्तरावर तशी खूण असते, साठवणीतून दिलेल्या उत्तरावर ती नसते, आणि तरीही मुदतीपर्यंत स्मृतीवर व्यवहार चालू दिला जातो. जुना पत्ता सांगणारा रिझॉल्व्हर खोटे बोलत नाही. ज्याला जितका काळ खरे मानण्याची मुभा दिली होती, तितकाच काळ तो ते खरे मानतो.

याहून सूक्ष्म गोष्ट अभावाची आहे. वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले, आणि उत्पत्तीपूर्वी वस्तू नसणे याला प्रागभाव म्हटले. नव्या संकेतस्थळाची नोंद होण्यापूर्वीच एखाद्या उत्सुकाने त्याचे नाव विचारले, तर 'असे नाव नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर जपून ठेवतो. त्यामुळे स्थळ सुरू झाल्यावरही ज्याने सर्वात आधी वाट पाहिली, त्यालाच ते अजून नसल्याचे सांगितले जाते, आणि संपलेला प्रागभाव त्याच्यापुरता टिकून राहतो.

म्हणून विलंबाचा दोष स्मरण ठेवणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. नावाच्या धन्याला बदल ठाऊक असतो, तेव्हा जुनी मुदत उलटून जाईल इतके आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणणे, नोंद होण्यापूर्वी नाव जाहीर न करणे आणि पत्ता बदलल्यानंतरही जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवणे, हे त्याचे कर्तव्य ठरते. घाटंजी किंवा उमरखेडहून कालच्या पत्त्यावर भरतीची यादी पाहायला येणारा मनुष्य या धन्यानेच दिलेल्या शब्दावर विसंबून येत असतो, आणि त्या शब्दाची मुदत अजून उलटलेली नसते.