विनंती थांबा

माझा भाचा नागपुरात कॉम्प्युटर इंजिनियरिंग शिकतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे आमच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नाही. पण मी बँकेत नेमकं काय करतो, हेही त्याच्या आईला गेली वीस वर्षं कळलेलं नाही. त्यामुळे मी त्या विषयात शिरत नाही.

दिवाळीत तो साकोलीला आला. बाहेर शेतांत धानाची कापणी, हायवेवर ट्रकांची रांग, आणि घरात आम्ही मामा-भाचे चिवड्याच्या ताटलीवर. समोर त्याचा लॅपटॉप. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटत होती. इथवर ठीक. पण त्याचे दोन्ही हात चिवड्यात होते! एक शब्द चुकला, आपला आपण पुसला गेला, पुन्हा लिहिला गेला. मग सगळं थांबलं. बराच वेळ थांबलं. मग पुन्हा भराभर.

"अरे, कोण लिहून राहिलं हे?" मी ताटली बाजूला ठेवत विचारलं.

"मीच, मामाजी. परवा रात्री."

प्रकार असा. चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी यंत्राला एकेक ओळ टाइप करून हुकूम सोडायचा, ही जुनी पद्धत अजून या मुलांत चालते. त्यातला एक हुकूम आहे 'स्क्रिप्ट'. तो आधी देऊन ठेवला, की नंतर पडद्यावर जे जे उमटेल ते सगळं टिपलं जातं. आणि 'स्क्रिप्टरीप्ले' म्हटलं, की ते जसंच्या तसं, त्याच गतीनं पुन्हा चालू होतं. हा स्क्रिप्ट काही आजचा नव्हे. 1979 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये तो आला, म्हणजे वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठाच. त्याच्या माहितीपत्रकात भोळ्या माणसाला सावध केलेलं आहे, की बाबा, यात सगळं उतरतं, पुसलेलंसुद्धा! पासवर्ड तेवढा पडद्यावर उमटत नाही, म्हणून त्यातून सुटतो.

मला आवडली ती त्याची दुसरी फाइल. तिच्यात फक्त दोन रकाने. पहिल्यात, मागच्या वेळेपासून किती सेकंद गेले. दुसऱ्यात, आता किती अक्षरं उमटली. बस्स! बी.कॉम. झालेल्या माणसाला दोन रकाने दिसले की माहेरी आल्यासारखं वाटतं.

आमच्या धंद्यात खोडरबराला जागा नाही. लेजरात आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. चूक झाकायची नाही, तिच्याखाली नाव घालायचं. ही तत्त्वं जगात पाळणाऱ्या दोनच संस्था मला माहीत आहेत. एक बँक आणि दुसरी आमची सौभाग्यवती. माझ्या लग्नातल्या एका वाक्याचं रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे आणि ते ती मूळ गतीनं, मूळ विरामांसह चालवते. माझा भाग आधी चालवते आणि "आता बोला" म्हणते.

"कंटाळा आला का, मामाजी?" पडदा पुन्हा थांबला होता. "हे थांबे छाटता येतात." त्यानं हुकमात, जास्तीत जास्त दोन सेकंद थांब, असं घातलं. काय सांगू! मघाचा अडखळणारा मुलगा एकदम पंडित दिसायला लागला. चुका होत्या, पण विचार करायला लागलेला वेळच दिसेना.

"दोनदा चांगला दहा-दहा मिनिटं थांबला होतास. काय करत होतास?"

"पहिल्यांदा आईचा फोन होता." मग जरा वेळानं म्हणाला, "दुसऱ्यांदा वाटलं, हे आपल्याच्यानं होत नाही. सोडून द्यावं सगळं. शिक्षणच."

रकान्यात दोन्ही थांबे सारखेच होते. सहाशे सेकंद.

त्या रात्री मला झोप आली नाही. चिवडा तिखट होता हे खरं, पण कारण वेगळं होतं.

नोकरीला लागलो त्या काळात मी दुसऱ्या गावच्या शाखेत होतो. हिरव्या अक्षरांचे पडदे होते. एका गर्दीच्या दिवशी शेजारच्या काउंटरवरचा नवा मुलगा जेवायला गेला आणि मी त्याच्या खुर्चीवर, त्याच्याच नावानं उघडलेल्या यंत्रावर बसलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे धानाचे पैसे मी दुसऱ्याच्या खात्यात टाकले. नाव तेच, खातेक्रमांकात एका आकड्याचा फरक. संध्याकाळी तेरीज जुळली. जुळणारच! याला पुस्तकात 'एरर ऑफ कमिशन' म्हणतात, ती तेरजेत सापडत नाही. परीक्षेत यावर मी पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारा आला. "साहेब, धानाचे पैसे अजून नाही आले जी." मॅनेजरांनी नोंद काढली. नाव त्या मुलाचं. त्यांनी सगळ्यांसमोर त्याला सोलून काढला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. चाळीसेक सेकंद गेले असतील. मग मॅनेजर केबिनमध्ये गेले आणि माझी बोटं पुन्हा चालू लागली.

उलट नोंद झाली, म्हाताऱ्याला त्याच दिवशी पैसे मिळाले. कागद आजही स्वच्छ आहेत. ऑडिटर आले नि गेले. आता सगळं टिपणारं यंत्र त्या टेबलावर असतं तरी त्याला कळा दिसल्या असत्या, बोटं दिसली नसती. आणि माझे ते चाळीस सेकंद? कंटाळवाणे म्हणून कुणीही छाटले असते.

एस.टी.चा विनंती थांबा तुम्हांला ठाऊक आहे. कुणी हात दाखवला तरच गाडी थांबायची. त्या चाळीस सेकंदांत आत कुणीतरी हात दाखवत होतं. मी पाहिलं, आणि गाडी तशीच पुढे काढली. माणसानं केलेल्या चुकांचा हिशेब कुठे ना कुठे लागतो. पण जिथे काहीच केलं नाही, नुसते बसून राहिलो, त्या जागेची नोंद ठेवायला आपल्याशिवाय दुसरा कारकून नाही. आणि हा कारकून तर रजेवर जायला टपलेलाच!

पाडव्याला त्या मुलाला फोन केला. मुलगा कसला, आता कुठेशी मॅनेजर आहे. शुभेच्छा झाल्या, पावसापाण्याचं झालं. मग मी घशातलं बाहेर काढलं. म्हातारा, धान, खुर्ची, सगळं.

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. आमच्याकडे कटतो.

मग तो म्हणाला, "काय साहेब, इतकं जुनं! मला तर आठवतसुद्धा नाही."

त्याला आठवत होतं. मधला थांबा मी ऐकला होता.