लेखणीचा मुहासबा

दिव्य कुरआनच्या ६८ व्या सूरहचे नाव 'अल्-कलम' असून तिच्या आरंभी अल्लाहने लेखणीची शपथ घेतली आहे. अशी वस्तू हाती धरणाऱ्याने अधूनमधून स्वतःचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. वाचक बंधू-भगिनींनो, हा तसाच एक मुहासबा.

माझ्या लेखणीला दोन उस्ताद लाभले. मदरशाने सनद विचारायला शिकवले: हे कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले, सांगणारा विश्वसनीय होता काय? मराठीच्या अभ्यासाने शब्दाचे वजन आणि वाक्याचा नाद दिला. एरवी हे दोघे एकमेकांना सांभाळून घेतात. परंतु प्रेषितांच्या (स.) नावे सांगितलेली एखादी हृदयस्पर्शी कथा समोर येते आणि तिची सनद कोठेच सापडत नाही, तेव्हा त्यांच्यात वाद उभा राहतो. मन म्हणते, वाचकाचे हृदय द्रवत असेल, तो नमाजकडे वळत असेल, तर हानी कोणती?

हा प्रश्न जुनाच आहे. इमाम गझाली (र.) यांच्या 'इह्या उलूमिद्दीन'ने असंख्य हृदये जागवली. तरीही हाफिज इराकी (र.) (मृत्यू इ.स. १४०४) यांनी त्यातील हदीसींची छाननी करून कोणती सहीह, कोणती जईफ, कोणती निराधार, हे नोंदवून ठेवले. ही छाननी पुढे 'इह्या'च्या अनेक आवृत्त्यांत तळटीपांच्या रूपाने छापली गेली. त्यांनी ग्रंथ टाकून दिला नाही आणि ग्रंथकर्त्याच्या थोरवीपुढे मौनही पत्करले नाही.

हानी आहे, आणि ती घरात होते. आईने सांगितलेली कथा निराधार होती, हे मूल मोठेपणी कोठेतरी वाचते. मग त्याचा संशय त्या कथेपुरता थांबत नाही. आईने सांगितलेल्या सत्यालाही तो स्पर्श करतो. शिवाय प्रेषितांच्या (स.) नावे हेतुपुरस्सर असत्य सांगणाऱ्यास जहन्नमचा इशारा आहे. जईफ रिवायत सद्गुणांच्या संदर्भात काही अटींवर सांगण्यास अनेक उलमांनी मुभा दिली आहे. रचलेल्या कथेला मात्र ती मुभा नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून एक सवय मी जोपासली आहे. लिहिलेला मजकूर रात्रभर ठेवतो आणि फजरनंतर पुन्हा वाचतो. जे वाक्य सर्वाधिक आवडले, त्याचा आधार सर्वप्रथम तपासतो, कारण त्याची वकिली माझा नफ्स करीत असतो. आधार न मिळाल्यास वाक्य गाळतो. पूर्वी यास बराच वेळ लागे. आता मन लवकर तयार होते. माझ्या लेखनाची वाढ झाली असेल, तर ती एवढीच.

आज मोबाईलवरून संदेश पुढे पाठवणारा प्रत्येक जण एका अर्थी लेखकच आहे. पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबून सनद विचारणे, ही अमानत त्याच्याही माथी आहे. अल्लाह आपल्या जिव्हेस व लेखणीस सत्याची गोडी लावो. आमीन.