दिल्याने स्थैर्य येते काय?

वाशीच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही, ते उसन्या पुस्तकांतून. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की मात्र त्यांचा तास माझ्या वाट्याला येतो. आणि कादंबरी लिहिणाऱ्याची खोड अशी, की अणू समोर आला तरी तो त्याला माणसाचे मन देऊन बसतो.

गेल्या हिवाळ्यात मी फळ्यावर सोडियम मांडला : २, ८, १. शेजारी क्लोरीन : २, ८, ७. एकाच्या शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, दुसऱ्याला आठाला एक कमी. मी रंगात येऊन म्हणालो, "सोडियम आपला तो एक देऊन टाकतो, आणि देण्यातच त्याला स्थैर्य लाभते." त्यागावर आणखी चार वाक्ये बोललो. तेव्हा मागच्या बाकावरचा, जुन्या गावठाणातला एक मुलगा उठून म्हणाला,

"सर, आमच्या आजोबांनी पण जमीन दिली. ते काय स्थिर झाले नाहीत."

वर्ग हसला. मला हसता आले नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी लागल्या. ज्या भरावावर आणि शेतावर हे शहर उभे आहे, त्यावरच माझे घरही आहे.

त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो. आठांचा नियम १९१६ साली कोसेल आणि लुईस यांनी मांडला, एवढे मला ठाऊक होते. हिशेब ठाऊक नव्हता. एक मोल, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम सोडियम घ्या. त्याच्या सुट्या अणूंपासून तो एकेक इलेक्ट्रॉन वेगळा करायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. तो आपखुशीने सुटतच नाही! क्लोरीन ते इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा परत मिळतात अवघे ३४९. म्हणजे दोघांच्या या देवघेवीत १४७ चा तोटाच. आणि दिल्यावर सोडियमची मांडणी निऑनसारखी होते खरी, पण तो निऑन होत नाही; निऑन एकटा सुखाने राहतो, याच्या अंगावर मात्र धनभार राहतो.

मग मीठ बनते कसे? १९१९ साली बॉर्न आणि हाबर यांनी हा जमाखर्च पुरा मांडला. आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, आणि सगळा तोटा भरून निघतो. त्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन उभे असतात, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. स्थैर्य देण्यात नव्हते. दिल्यानंतर भोवती कोण उभे राहिले, यात होते.

अणूला इच्छा नसते, तेव्हा त्याच्यावरून माणसाची नीती ठरवू नये, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. पण चुकीच्या हिशेबावर नीती उभारण्याचे काम मी आधीच करून बसलो होतो. आपण सगळेच ते करतो. देणाऱ्याला सांगतो, की दिल्याचे समाधान हेच तुझे फळ. हे सांगणारा बहुधा घेणारा असतो. इथल्या लोकांना १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच माणसे गमवावी लागली. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्याग थोर असेलही. पण तो थोर आहे हे ठरवण्याचा अधिकार घेणाराला नाही. त्याचे काम देणाऱ्याभोवती उभे राहण्याचे.

दुसऱ्या दिवशी मी तास मागून घेतला आणि फळ्यावर सगळे आकडे मांडले. काल मी चुकीचे शिकवले, हेही सांगितले. तो मुलगा आकडे उतरवून घेत होता. शेवटी त्याने विचारले, "सर, सहाच्या सहा लागतात?"

"मिठात लागतात," मी म्हणालो. माणसाला किती लागतात, ते मला सांगता आले नाही. पण त्याच्या आजोबांच्या वाटणीचा एक मी असायला हवा होतो, एवढे मात्र कळले.